घोड्याची ‘कावीळ’ व अश्ववैद्यकांतील यकृत्

मराठी कागदपत्रांत घोडा जितका भेटतो तितका घोड्याचा रोग भेटत नाहीं. पागेचे हिशेब, घोड्यांचे रंग व डाग, दाणा, वैरण, खोगीर, नालबंदी, पडलेल्या घोड्यांचा मोबदला, हें सर्व तपशीलवार लिहिणारा कारकून घोडा कशानें पडला हें लिहावयाचें आलें म्हणजे एका शब्दावर भागवितो. उलट पक्षीं शालिहोत्राच्या ज्या संस्कृत व मराठी पोथ्या संग्राहकांच्या हातीं येतात त्यांत रोगांचीं नांवें व काढे विपुल. परंतु अमुक रोग म्हणजे प्रत्यक्षांत काय, याचा उलगडा पोथी करीत नाहीं. मग संपादक काय करतो? ‘कामला’ दिसलें कीं समासांत ‘कावीळ, यकृताचा रोग’ असें टिपून पुढें जातो. आम्हींही आयुष्यभर हेंच केलें. तें चुकीचें आहे हें आम्हांस एका घोडीनें शिकविलें. ती हकीकत पुढें येईलच. प्रथम शब्दांचा विचार करूं.

‘कामला’ पासून ‘कावीळ’ हा शब्द सरळ आला आहे. दोन स्वरांमधील मकाराचा वकार होणें ही आपल्या भाषेची नेहमींची रीत. ‘ग्राम’ चें ‘गांव’ व ‘नाम’ चें ‘नांव’ झालें तसेंच हें. परंतु ‘यकृत्’ हा शब्द मात्र मराठींत तद्भव रूपानें उतरला नाहीं. त्याची जागा ‘काळीज’ या शब्दानें घेतली, आणि काळीज म्हणजे खाटकाच्या दुकानीं यकृत् व इतर सर्वत्र हृदय. जुन्या बाडांत घोड्याच्या ‘काळजाच्या’ दुखण्याचा उल्लेख आला तर कोणतें इंद्रिय घ्यावें हें संदर्भावांचून सांगतां येणार नाहीं. फारसींतील ‘जिगर’, ग्रीकांतील ‘हेपार’ व लॅटिनांतील ‘येकुर’ हीं ‘यकृत्’ याचींच भावंडें होत. एवढा प्राचीन शब्द आपल्या बोलींतून नाहींसा व्हावा याचें नवल वाटतें.

घोड्याच्या यकृताचा सर्वांत गंभीर उल्लेख वैद्यकग्रंथांत नसून उपनिषदांत आहे. बृहदारण्यकाच्या आरंभीं अश्वमेधाच्या घोड्यावर विश्वाची कल्पना केली आहे. तेथें उषा हें त्याचें मस्तक, सूर्य हा डोळा, आणि यकृत् व क्लोम हे पर्वत. कल्पना करणारानें घोड्याचें उदर उघडलेलें पाहिलें असलें पाहिजे असें आम्हांस वाटतें. मोठ्या घोड्याचें यकृत् सुमारें ५ किलो भरतें, त्याचा बहुतेक भाग उजव्या अंगास बरगड्यांच्या आड असतो आणि उंचसखल खंडांमुळें तें डोंगरासारखेंच दिसतें. यज्ञांत पशूचे अवयव नांवानिशीं वेगळे काढावे लागत, त्यामुळें याज्ञिकांचें शारीरज्ञान पुष्कळ वेळां वैद्यांच्या पुढें होतें. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील १६२ व्या सूक्तांत घोड्याच्या ३४ बरगड्या सांगितल्या आहेत. सामान्यतः त्या ३६ असतात, परंतु कांहीं घोड्यांत, विशेषतः अरबी जातींत, ३४ आढळतात. हा आंकडा डोळ्यांनीं पाहून मोजलेला आहे.

असें असतां एक गोष्ट आपल्याकडील कोणत्याही ग्रंथांत स्पष्ट सांगितलेली आमच्या वाचनांत आली नाहीं, व ती या विषयाच्या मुळाशीं आहे. घोड्यास पित्ताशय नसतो. माणूस, गाय, बकरी, कुत्रा यांच्या यकृताखालीं पित्ताची जी पिशवी लोंबते ती घोडा, गाढव व खेंचर यांस नाहीं; पित्त सतत आंतड्यांत झिरपत राहतें. यवनाचार्य ॲरिस्टॉटल यानें ही गोष्ट ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत नमूद करून ठेविली आहे. आपल्या अश्ववैद्यांनीं मनुष्याचें पित्त घोड्याच्या अंगीं बसविलें आणि त्यावर चिकित्सा रचली. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. त्यांच्या ‘पित्त’ शब्दाचा अर्थ एका पिशवींतील कडू रसापुरता नव्हता.

शालिहोत्राचें वाङ्मय आतां बरेंच छापलें गेलें आहे. जयदत्तसूरीचें ६८ अध्यायांचें ‘अश्ववैद्यक’ व त्यासोबत नकुलाचें ‘अश्वचिकित्सित’ हीं उमेशचंद्र गुप्त यांनीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेंत १८८६-८७ सालीं प्रसिद्ध केलीं. तंजावरच्या सरस्वतीमहालानें नकुलाच्या नांवावरील ‘अश्वशास्त्र’ चित्रांसह १९५२ सालीं, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें भोजाचें ‘शालिहोत्र’ एकनाथ दत्तात्रेय कुलकर्णी यांच्या संपादनानें १९५३ सालीं छापिलें. अग्निपुराणांत शालिहोत्र सुश्रुतास अश्वचिकित्सा सांगतो. शहाजहानाच्या काळीं फारसींत उतरलेल्या एका शालिहोत्राचें इंग्रजी भाषांतर जोसेफ अर्ल्स यानें कलकत्त्यास १७८८ त केलें. सालोतरी म्हणजे घोड्यांचा वैद्य. हा शब्द इंग्रजी फौजेंतसुद्धां रूढ झाला. म्हणजे ऋषीचें नांव हुद्द्याचें नांव होऊन पलटणींत पोंचलें! इतकी मोठी परंपरा असूनही या ग्रंथांचा रोगवार अभ्यास फारच थोडा झाला आहे. लक्षणें, आयुष्य, भोंवरे, शुभाशुभ यांवर संपादकांचें लक्ष अधिक. चिकित्सेचे अध्याय कोणी उघडीत नाहीं.

आतां खोपोलीची गोष्ट. आमचें गांव बोरघाटाच्या पायथ्याशीं आहे, आणि घोड्यांचें व या गांवाचें नातें जुनें आहे. शेजारच्या उंबरखिंडींत २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजी महाराजांनीं कारतलबखानास कोंडून शरण आणिलें तेव्हां त्याच्या घोड्यांची काय गत झाली असेल तें त्या खिंडींत चालून पाहिल्यासच कळतें. पुढें नाना फडणिसांनीं येथें तलाव व महादेवाचें देऊळ बांधिलें. घाट चढण्यापूर्वीं व उतरल्यावर जनावरांस पाणी दाखवावयाचें तें याच तलावावर. १८३० सालीं मालकमसाहेबाच्या कारकीर्दींत घाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८५६ च्या मे महिन्यांत आगगाडी ‘कॅम्पूली’ पर्यंत, म्हणजे खोपोलीपर्यंत आली. आणि १८६३ सालीं घाटांतील लोहमार्ग पुरा होईपर्यंत सात वर्षें मुंबईचा उतारू येथें उतरून पालखींतून किंवा तट्टावरून खंडाळ्यास जात असे. त्या सात वर्षांत या गांवीं जितकीं तट्टें राबलीं तितकीं पूर्वीं वा नंतर राबलीं नसतील. आज गांवांत घोडा राहिला तो वरातीपुरता. माथेरानावर मात्र मोटारीस मज्जाव असल्यामुळें घोडा अद्याप पोटाचें साधन आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आश्विन महिन्यांत वरातीची घोडी बाळगणारे एक परिचित गृहस्थ आमच्या दारीं आले. आम्ही शालिहोत्र वाचतों ही वार्ता गांवांत पसरलेली होती. “गुरुजी, घोडीचे डोळे पिवळे पडलेत, तुमच्या पोथींत काय लिहिलंय तें बघा,” असें म्हणाले. आम्हीं जाऊन पाहिलें. पापणीच्या आंतील बाजूस हळदीची छटा, मागच्या पायांस सूज, अंग वाळलेलें. ताप एक दिवस येई, मग उतरे, मग पुन्हां येई. दाणा मात्र ती बरी खात होती. आम्हीं सुश्रुताचें रंजकपित्त, यकृत्, कामला हें सर्व मनांतल्या मनांत जुळविलें आणि निदान केलें कीं ही कावीळ, यकृत् बिघडलें आहे. कुटकीचा काढा सांगितला. अकरा दिवस काढा चालला. बाराव्या दिवशीं घोडी बसली ती उठेना, तेव्हां त्यांच्या मुलानें आम्हांस न विचारतां जनावरांच्या डॉक्टरांस आणिलें. डॉक्टरांनीं रक्ताचा थेंब कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं धरला व आम्हांसही दाखविला. तांबड्या कणांमधून लहानसा सर्पासारखा जंतु वळवळत त्यांस धक्के देत होता. रोग यकृताचा नव्हताच. तो ‘सर्रा’ होता.

सर्रा हा रक्तांतील जंतूचा रोग असून गोमाश्यांच्या चाव्यानें पसरतो, म्हणून तो पावसाळ्यांत व पावसाळा सरतां वाढतो. हा जंतु ग्रिफिथ इव्हान्स यानें डेरा इस्माइलखान येथें १८८० सालीं शोधून काढला. पुण्यास १८८९ सालीं जी सरकारी जंतुशास्त्रशाळा निघाली व १८९३ त मुक्तेश्वरास गेली, तिचे प्रमुख लिंगार्ड यांनीं सर्र्यावर पुष्कळ काम केलें. म्हणजे आमच्या घराहून एका घाटापलीकडे शतकापूर्वीं जें निश्चित झालें होतें तें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि हजार वर्षांपूर्वींची पोथी मात्र पाठ होती.

डॉक्टरांनीं पुढें कित्येक संध्याकाळीं आमच्या शंका ऐकून घेतल्या. त्यांतून जें समजलें तें पोथ्या वाचणारास उपयोगी असल्यामुळें येथें देतों.

घोड्याचा डोळा पिवळा पडण्यास तीन निरनिराळीं कारणें आहेत. पहिलें, रक्तांतील तांबडे कण फुटणें. सर्रा व गोचिडीपासून होणारा रक्तज्वर यांत असें होतें. दुसरें, उपवास. हें घोड्याचें वैशिष्ट्य होय. धडधाकट घोडा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर त्याचें यकृत् रक्तांतील पिवळें द्रव्य पुरेसें उचलीत नाहीं व डोळे पिवळट दिसूं लागतात. यकृत् मात्र निरोगी असतें. कांहीं घोड्यांच्या डोळ्यांत तर खातपीत असतांही थोडी पिवळी झांक असते. तिसरें कारण खरा यकृद्विकार. म्हणून केवळ पिवळ्या डोळ्यावरून यकृतास दोष देणें म्हणजे धूर दिसला कीं शेजाऱ्याचेंच घर पेटलें म्हणण्यासारखें आहे.

दुसऱ्या कारणाचा विचार करतांना आम्हांस राजवाड्यांनीं छापलेलें शिवकालीन चिपळूणच्या छावणीसंबंधींचें पत्र आठवलें. दाणा-गवत आतांच उधळाल तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशी मरतील व तीं तुम्हींच मारिलीं असें होईल, असा त्याचा आशय सर्वांस परिचित आहे. पानिपतावर १७६१ च्या जानेवारींत भाऊसाहेबांच्या छावणींतील घोड्यांची अवस्था याहून वाईट होती. अशा छावणींत एखादा सालोतरी फिरला असता तर त्यास ओळीनें पिवळे डोळे दिसले असते, आणि त्यानें वहींत ‘कावीळ’ लिहिली असती तर आपण आज ती सांथ म्हणून वाचली असती. वास्तविक ती भूक होय. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण घोड्यांच्या रोगाची नोंद वाचतांना तिच्या शेजारची दाण्याची नोंद वाचलीच पाहिजे एवढें तरी त्यावरून ठरतें.

खरा यकृद्विकार ओळखावा कसा? कठीण यासाठीं कीं यकृताचा अर्ध्याहून पुष्कळ अधिक भाग निकामी होईपर्यंत घोडा बाहेर कांहींच दाखवीत नाहीं. मग दाणा सोडतो, वाळतो, वरचेवर जांभया देतो. पुढें एक विलक्षण प्रकार होतो. यकृतानें जें विष गाळावयाचें तें मेंदूंत जातें, आणि घोडा भिंतीस कपाळ लावून ढकलीत उभा राहतो, एकाच दिशेनें गोल फिरतो, दिसत नसल्यासारखा खांबावर आदळतो, दावें सुटलें तर वाट फुटेल तिकडे कोसन् कोस चालत जातो. आणखी एक खूण अशी कीं हिरव्या चाऱ्यांतील हरितद्रव्यापासून होणारा एक पदार्थ पित्तावाटें बाहेर न पडल्यामुळें कातडींत सांठतो व उन्हानें फक्त पांढरे भाग भाजतात. कपाळावरचा टिळा, नाकपुडीवरची पांढरी जागा, पंचकल्याणीचे पाय. काळें अंग जसेंच्या तसें आणि पांढऱ्यावर मात्र खपल्या, ही खूण कोणत्याही डोळस मोतद्दाराच्या नजरेस आली असली पाहिजे. पंचकल्याणी घोडा शुभ कीं अशुभ यावर जितकी शाई खर्ची पडली तिचा शतांश जरी या खपल्यांवर पडला असता तरी आज मोठें काम झालें असतें.

हल्लीं डॉक्टर रक्त काढून त्यांतील कांहीं द्रव्यांचें मोजमाप करवितात. यकृताच्या पेशी फुटल्या कीं जीं रक्तांत येतात तीं एका वर्गाचीं. पित्तवाहिन्या बिघडल्या कीं वाढणारें गॅमा-जीटी हें दुसऱ्या वर्गाचें. हीं केवळ ‘इजा झाली’ एवढें सांगतात. यकृत् काम करतें कीं नाहीं हें रक्तांतील पित्ताम्लांवरून कळतें. मनुष्याच्या बाबतींत पित्ताम्लांचा आंकडा जेवणाआधीं व जेवणानंतर बदलतो. घोड्यास पित्ताशयच नसल्यामुळें उपाशी कीं पोटभर हा भेद तेथें फारसा राहात नाहीं. ॲरिस्टॉटलची टीप अशी आज उपयोगी पडते. पिवळ्या द्रव्याचेही दोन भाग करून मोजतात: यकृतांतून प्रक्रिया होऊन गेलेला व न गेलेला. उपवासांत व रक्त फुटण्यांत दुसरा भाग वाढतो. पहिल्याचा वांटा चौथ्या हिश्श्यापलीकडे गेला तर यकृताकडे बोट दाखवावें. शेवटचा निर्णय लागतो तो उजव्या बरगड्यांमधून, आधीं ध्वनिलहरींच्या यंत्रानें जागा पाहून, सुईनें यकृताचा तिळाएवढा तुकडा काढून तपासल्यावर. घोडा जगेल कीं नाहीं याचा अंदाज त्या तुकड्यावरून अधिक खात्रीनें बांधतां येतो.

कारणांत वनस्पतींचा भाग मोठा. इंग्रज मुलुखांत पिवळ्या फुलांचा सेनेशियो हा घोड्यांचा शत्रु. आपल्या सह्याद्रीवर भाद्रपद-आश्विनांत पठारें पिवळीं करणारी सोनकी त्याच वंशांतील आहे. त्याहून आपल्या जवळचा म्हणजे खुळखुळा. ताग त्याच्याच वंशांतील. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ले प्रांतांत या वंशांतील झुडपें खाल्लेलीं घोडीं महिनोन्महिने बरीं दिसून अखेर भरकटत चालूं लागतात व चालतां चालतां मरतात. चारा खाणें आणि रोग दिसणें यांत एवढें अंतर असल्यामुळें मोतद्दारास संबंध लागत नाहीं. कोंकणांतील दमट हवेंत बुरशी आलेल्या दाण्याचें विषही यकृतावरच जातें. तिसरें कारण रक्तजल. दक्षिण आफ्रिकेंत आर्नल्ड थायलर यानें घोड्यांस रोगप्रतिबंधक रक्तजल टोंचलें असतां कांहीं आठवड्यांनीं कित्येक घोडे यकृत् नासून मेले, व ही हकीकत त्यानें १९१८ सालीं प्रसिद्ध केली. त्याच्या मागें असलेला एक विषाणु शंभर वर्षांनीं, २०१८ त, अमेरिकेंत सांपडला.

यावरून पोथ्यांच्या वाचनाविषयीं आमचें मत उलटें झालें आहे. जेथें ‘कामला’ लिहिलें आहे तेथें बहुधा रक्ताचा रोग किंवा भूक शोधावी. आणि जेथें उन्माद, भ्रम किंवा ग्रहबाधा लिहिली असेल, घोडा भिंतीस डोकें लावतो, फिरतो, रानोमाळ जातो असें वर्णन असेल, तेथें यकृत् शोधावें. सुश्रुतानें यकृत् व प्लीहा हीं रक्ताचीं स्थानें मानून रसास रंग चढविणारें पित्त तेथेंच ठेविलें, त्यामुळें पिवळेपणाचें नातें रक्ताशीं त्याच्या मतानेंही आहे. यावरून प्राचीनांस सर्र्याचा जंतु ठाऊक होता असें म्हणणारे आमच्या मित्रमंडळींत निघालेच! ते म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. ‘रक्त’ व ‘पित्त’ हीं त्या शास्त्राचीं स्वतःचीं परिमाणें होत. त्यांत आजचा जंतु बसविणें हें आमच्या अकरा दिवसांच्या काढ्याइतकेंच धाडस आहे.

कौटिल्यानें अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत अश्ववैद्याचें काम सांगितलें आहे: घोड्याचें शरीर घटतें कीं वाढतें तें पाहून उपाय करणें आणि ऋतुपरत्वें आहार ठरविणें. रोगाच्या नांवाची उठाठेव तेथें नाहीं. वजन, ऋतु व खाणें यांवर नजर आहे. त्यापुढें दंड आहे. उपचार किंवा औषध यांतील हलगर्जीनें रोग वाढल्यास उपचाराच्या खर्चाची दुप्पट, आणि वैद्याच्या अपराधानें घोडा दगावल्यास त्याची किंमत. आमच्या हातून घोडी दगावली नाहीं. डॉक्टरांच्या सुयांनीं ती उठली. परंतु मार्गशीर्षाच्या लग्नसराईंत तिला उभी करतां आली नाहीं व त्या गृहस्थांचें वर्षाचें उत्पन्न गेलें. कौटिल्याच्या हिशेबानें काढ्याच्या खर्चाची दुप्पट आम्हीं त्यांस देऊं केली. ते हंसले व म्हणाले, “गुरुजी, काढा तर तुम्हीच फुकट दिला होता.”

ज्यांच्या संग्रहीं शालिहोत्राचीं बाडें, सालोतऱ्यांचीं टिपणें किंवा पागेचे कागद असतील त्यांस विनंती अशी कीं रोगाचें नांव उतरवून घेतांना शेजारचा महिना, मुक्कामाचें ठिकाण, दाणावैरणीचा आंकडा व घोड्याचा रंग हींही उतरवून घ्यावींत. घोडा पंचकल्याणी असेल तर कातडीविषयीं एखादा शब्द आहे काय हेंही पाहावें. आमच्या स्वतःच्या नकलांत ‘कावीळ’ या शब्दावर आम्हीं पूर्वीं केलेल्या समासांतील टिपा खोडून तेथें प्रश्नचिन्ह घालण्याचें काम चालू आहे. अद्याप निम्मीं पानें व्हावयाचीं आहेत.